सिंकमध्ये पाणी वर येतं तेव्हा

डिशवॉशर पाणी उपसू लागतो आणि शेजारच्या सिंकच्या जाळीतून तेलकट, खरकटं पाणी वर चढतं. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपमधून फेस फरशीवर पसरतो. घरात कुणी नळ सोडलेला नसताना सिंक मध्येच गुडगुडतं. अशा वेळी पहिला फोन मशीनच्या सर्व्हिस सेंटरला जातो. तिथला माणूस मशीन चालवून बघतो आणि सांगतो, मशीन ठणठणीत आहे, प्रॉब्लेम तुमच्या ड्रेनेजचा आहे. मग प्लंबर येतो, स्प्रिंग मारतो, बादलीभर पाणी ओतून दाखवतो आणि सांगतो, लाइन मोकळी आहे, मशीनवाल्याला बोलवा. पुष्कळदा दोघंही खरंच बोलत असतात. बिघाड असतो मधल्या जोडावर, आणि त्या जोडाला कुणी धनी नसतो. डिशवॉशर बसवायला एक माणूस येतो, आरओ बसवायला दुसरा, मॉड्युलर ट्रॉल्या लावायला तिसरा. प्रत्येक जण आपापली नळी जिथे जागा मिळेल तिथे खुपसून जातो. या सगळ्या नळ्यांचं पाणी शेवटी एकाच पाइपातून जाणार आहे, याचा हिशेब त्यांच्यापैकी कुणाच्याच कामात धरलेला नसतो.

तो हिशेब घरातल्या माणसाला करता येतो. पान्हा हातात घेण्याआधी एवढंच बघायचं, की पाणी नेमकं केव्हा वर येतं. फक्त मशीन पाणी टाकताना, की नुसता नळ सोडला तरी? आपल्या घरात काहीच चालू नसताना, वरच्या मजल्यावर कुणी पाणी सोडलं की येतं का? मशीन बसवल्या दिवसापासून असं होतंय, की थंडी पडल्यापासून? भांडी घासायला येणाऱ्या ताईंना हे आवर्जून विचारावं. सिंकपाशी सगळ्यात जास्त वेळ त्याच उभ्या असतात, आणि पाणी जायला कधीपासून वेळ लागतोय हे घरमालकापेक्षा त्यांना अचूक माहीत असतं. एवढं कळलं तर निम्मं निदान झालंच.

मग ओट्याखालचं दार उघडून पाण्याची वाट डोळ्यांनी शेवटपर्यंत बघावी. सिंकची जाळी, तिच्याखाली वेस्ट कपलिंग, त्याखाली बहुतेक घरांत बॉटल ट्रॅप, त्यातून निघालेला ३२ किंवा ४० मिलिमीटरचा पाइप. हा पाइप एक तर भिंतीत शिरतो, नाही तर खाली येऊन नहाणी ट्रॅपमध्ये उतरतो. नहाणी ट्रॅपपासून जाड पाइप फरशीखालून डक्टमधल्या उभ्या पाइपाला मिळतो, आणि उभा पाइप तळाशी चेंबरमध्ये. नळाचं पाणी या वाटेनं केवळ उताराच्या जोरावर जातं. आडव्या पाइपाला दर मीटरला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर ढाळ असला की पाणी वाहतं आणि आपल्याबरोबर कणही घेऊन जातं. ढाळ कमी पडला की पाणी पुढे सरकतं, पण शितं आणि चोथा मागेच राहतात.

या वाटेवरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे ट्रॅप. त्याचं काम पाणी अडवून ठेवण्याचं आहे. वाकलेल्या भागात सुमारे ५० मिलिमीटर खोलीचं पाणी कायम उभं राहतं आणि गटारातली हवा, वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही. ही युक्ती लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीची. त्यानं १७७५ मध्ये संडासासाठी इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या पाइपाचं पेटंट घेतलं, आणि आजचा प्रत्येक ट्रॅप त्याच तत्त्वावर चालतो. ते बोटभर पाणी किती मोलाचं असतं, हे २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत दिसलं. तिथे सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत न्हाणीघरांच्या फरशीतले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण होतं. फरशी धुण्याऐवजी फडक्यानं पुसली जात होती, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणीच पडत नव्हतं, आणि एक्झॉस्ट पंखा लावला की उभ्या पाइपातली दूषित हवा आत ओढली जात होती. आपल्याकडेही ओट्याखालचा नहाणी ट्रॅप ट्रॉल्यांमागे झाकला गेला आणि त्यात फक्त सिंकचा पाइप उतरत असला, तर घर महिनाभर बंद राहिल्यावर तो सुकतो. परत आल्यावर येणारा तो कुबट वास औषधानं जात नाही, तांब्याभर पाणी ओतलं की जातो.

आता आपल्याकडच्या घरांत अगदी नेहमी आढळणारी एक चूक. सिंकखाली बॉटल ट्रॅप, आणि त्याचा पाइप जातो नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ दोन ट्रॅप. दोन्हींत पाणी उभं, आणि मधल्या पाइपात हवा कोंडलेली. पाइपाचं तोंड जाळीच्या भोकात रबर घालून किंवा सिमेंट लावून घट्ट बसवलं असेल, तर त्या हवेला सुटायला जागा उरत नाही. वरून पाणी आलं की ती दबते, पाणी अडखळतं, मग हवा बुडबुड्यांनी सिंकमधून वर येते. ती गुडगुड तीच. प्लंबर स्प्रिंग मारून थकतो, कारण अडथळा कचऱ्याचा नसतोच. उपाय साधा आहे. सिंकचा पाइप नहाणी ट्रॅपच्या जाळीवर सैल सोडायचा, म्हणजे हवा बाहेर पडते. किंवा दोहोंपैकी एकच ट्रॅप ठेवायचा. मात्र पाइप थेट भिंतीतून डक्टमध्ये जात असेल आणि पुढे ट्रॅप नसेल, तर सिंकखालचा ट्रॅप कधीही काढायचा नाही.

लवचिक, वळ्यावळ्यांचा पांढरा पाइप हा आणखी एक दोषी. तो स्वस्त असतो, कसाही वळतो, आणि म्हणूनच सगळीकडे दिसतो. पण त्याच्या प्रत्येक वळीत खरकटं अडकतं, लांबी जास्त ठेवली की मध्ये झोळ पडतो, आणि गरम पाण्यानं तो मऊ पडून आणखी लोंबतो. डिशवॉशरच्या जोरदार चक्रात पाणी ७० अंशांच्या आसपास तापतं. साध्या पीव्हीसीला ६० अंशांपुढचं पाणी सतत मानवत नाही. डिशवॉशर जोडलेल्या सिंकला गुळगुळीत, ताठ पाइप घालावा. खर्चातला फरक किरकोळ आहे.

मशीन जोडल्यावर बदलतं ते पाणी येण्याचं गणित. डिशवॉशर एका फेरीत साधारण दहा लिटर पाणी वापरतो. ते एकदम येत नाही. तीन-चार लिटरांचे हप्ते पडतात, पण प्रत्येक हप्ता पंपाच्या जोरानं मिनिटाच्या आत बाहेर फेकला जातो. थोडा चोंदलेला पाइप नळाची धार निमूटपणे सामावून घेतो. हा लोट त्याला पेलत नाही. पाणी सोपी वाट शोधतं, आणि सोपी वाट असते सिंकच्या जाळीतून वर. म्हणून ‘नळाचं पाणी तर व्यवस्थित जातं’ हा पुरावा पुरेसा नाही. खरी परीक्षा अशी: सिंकच्या तोंडाला झाकण लावून ते निम्म्याहून जास्त भरावं आणि झाकण एकदम काढावं. त्याच वेळी नहाणी ट्रॅपकडे लक्ष ठेवावं. पाणी भोवरा करत झटकन गेलं तर ट्रॅप आणि पाइप ठीक. भोवरा न होता रेंगाळत गेलं तर अडथळा सिंक आणि नहाणी ट्रॅपच्या मध्ये. सिंक भराभर रिकामं झालं पण नहाणी ट्रॅपमधून पाणी वर आलं, तर अडथळा त्याच्या पुढे, फरशीखाली.

मशीनची परीक्षा वेगळी. त्याची नळी जोडावरून सोडवून मोठ्या बादलीत धरावी, बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावी, आणि पाणी काढण्याचा प्रोग्रॅम लावावा. धार जोरात आली तर पंप चांगला आहे. सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी केलेली ही परीक्षा दोन्ही कारागिरांची फेरी वाचवते. धार लुळी आली तर आधी मशीनच्या तळाची गाळणी काढून धुवावी. लिंबाची बी, काचेचा तुकडा, दातकोरणं अशा वस्तू तिथे सापडतात. गाळणीखाली थोडं पाणी उभं दिसलं तर घाबरू नये. ते तिथे असायलाच हवं, त्यानं पंपाजवळचं सील ओलं राहतं. गाळणीच्या वर पाणी साठलं असेल तरच ती तक्रार.

नळी कुठून कशी नेली आहे, यावर बहुतेक सगळं अवलंबून असतं. डिशवॉशरची नळी आधी ओट्याच्या खालच्या बाजूला जितकी उंच नेता येईल तितकी नेऊन तिथे क्लिपनं बांधायची आणि मग खाली जोडावर आणायची. ही उंच कमान असली की सिंकमधलं घाण पाणी सहजासहजी मशीनमध्ये शिरत नाही. नळी जमिनीवरून सरपटत थेट ट्रॅपला गेली असेल, तर सिंकमध्ये आपण भांडी विसळत असताना ते पाणी हळूच मशीनच्या तळात उतरतं, आणि धुतलेल्या भांड्यांना वास येतो. उलटा बिघाडही होतो. नळीचं टोक मशीनच्या तळापेक्षा खाली, नहाणी ट्रॅपमध्ये खोल खुपसलं की पिंपातून नळीनं रॉकेल काढतात तसं पाणी आपोआप ओढलं जातं. मशीन पाणी भरत राहतं, पाणी निघून जात राहतं, आणि भांडी कोरडीच राहतात. कंपनीच्या पुस्तिकेत नळीच्या टोकाची किमान आणि कमाल उंची दिलेली असते, ती याचसाठी.

आपल्या ओट्याची रचना इथे आडवी येते. ओट्याखाली कडप्प्याचे उभे खण असतात. नळी पलीकडे न्यायची तर कडप्प्याला भोक पाडावं लागतं, आणि ते सोयीनं तळाशी पाडलं जातं, त्यामुळे उंच कमानीचा प्रश्नच उरत नाही. भोक पाडणारा माणूस यायच्या आधी त्याची जागा आपण खडूनं आखून ठेवावी, ओट्याच्या फरशीखाली चार बोटांवर. ट्रॉल्यांचाही त्रास असतो. नळी मागे लोंबत असेल तर ट्रॉली पूर्ण ढकलताना ती चेमटते. मशीन कधी पाणी टाकतं, कधी एरर दाखवतं, आणि कारण सापडत नाही. बिघाड असा लहरी असला की ट्रॉली बाहेर काढून मागे बघावं.

नव्या जोडणीत लगेच पाणी अडलं तर आणखी एक जागा तपासावी. डिशवॉशरसाठी सोय असलेल्या ट्रॅपला बाजूनं एक आडवी तोटी असते. ती तोटी कारखान्यातून बंद येते, कधी आत प्लास्टिकचा पडदा, कधी रबरी चकती. मशीन जोडायचं नसेल तर त्यातून गळू नये, म्हणून ही व्यवस्था. नळी त्यावर चढवताना तो पडदा कापायचा असतो. न कापता क्लॅम्प आवळला की पहिल्याच दिवशी मशीन पाणी टाकू शकत नाही. पडदा कापून तुकडा आतच पडू दिला, तर आठवड्याभरानं तोच ट्रॅपमध्ये आडवा होतो. कापलेली चकती हातात आली आहे का, हे कारागिराला विचारण्यात संकोच बाळगू नये.

वॉशिंग मशीनचं प्रकरण मोठ्या लोटाचं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ते ड्राय बाल्कनीत असतं आणि पुष्कळ इमारतींत ड्राय बाल्कनी आणि स्वयंपाकघर यांची लाइन फरशीखाली एक होते. इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्रंट लोड मशीनमध्ये पंप असतो. त्याच्या नळीचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच असावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड आणि जवळजवळ सगळ्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये पंप नसतो. तळाची झडप उघडते आणि पाणी उतारानं वाहून जातं, म्हणून तिथे नळी जमिनीलगतच हवी. टॉप लोडच्या जागी फ्रंट लोड आणलं आणि नळी जुन्या सवयीनं जाळीवर टाकली, की पाणी ओढलं जाण्याचा तोच बिघाड उभा राहतो. टॉप लोड एकदम चाळीस-पन्नास लिटर सोडतं, आणि नहाणी ट्रॅपची जाळी केसांनी, धाग्यांनी अर्धी बुजलेली असते. इथे दुरुस्ती म्हणजे जाळी काढून ट्रॅपमध्ये हात घालणं, बाकी काही नाही. नळीच्या टोकाला जुना मोजा बांधून धागे अडवण्याची पद्धत चांगली आहे, फक्त तो मोजा भरला की लगेच बदलायला हवा, नाही तर तोच बूच होतो.

आरओची पांढरी बारीक नळी सगळ्यात निरुपद्रवी दिसते. तिच्यातून मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास नाकारलेलं पाणी येतं, त्यामुळे सिंक कधी तुंबत नाही. धोका उलट बाजूनं असतो. काही कारागीर ही नळी सिंकच्या पाइपाला भोक पाडून क्लॅम्पनं बसवतात. ते भोक डिशवॉशरच्या जोडाच्या खाली पडलं, तर डिशवॉशरच्या प्रत्येक लोटाबरोबर चरबी आणि कण त्या पाव इंची नळीत ढकलले जातात. नळी बुजली की नाकारलेल्या पाण्याचा प्रवाह थांबतो, मेंब्रेनवर क्षार साचतात, आणि पाण्याची चव बदलली म्हणून आपण मेंब्रेन बदलत बसतो. पिण्याच्या पाण्याच्या यंत्राची नळी गटाराच्या पाइपात बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सिंकच्या काठावरून, दोन बोटं अंतर ठेवून, उघडी पडू द्यावी. पाणी पडताना दिसतं, त्यामुळे ते चोवीस तास पडतंय का हेही कळतं. टाकी भरल्यावरही ते थांबत नसेल तर झडप बिघडलेली असते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये आरओ यंत्रांनी निदान ६० टक्के पाणी पिण्यायोग्य करून द्यावं असं सांगितलं, पण घरोघरच्या जुन्या यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जातं. ते बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरणाऱ्या घरांचं मला कौतुक वाटतं.

या पाण्याचा तुंबण्याशी एक आडवळणाचा संबंध आहेच. तो बघायचा तर बॉटल ट्रॅप उघडावा. खाली बादली ठेवावी, तळाची वाटी दोन्ही हातांनी धरून फिरवावी. घट्ट असेल तर पान्ह्यानं न आवळता ओलं फडकं गुंडाळून पकड घ्यावी, नाही तर प्लास्टिक तडकतं. वाटी सुटली की काळपट पाणी बादलीत पडतं आणि तळाशी उरतो तो ऐवज: मोहरी, कढीपत्त्याचे देठ, चहाचा चोथा, तारेच्या घासणीचे तुकडे, आणि या सगळ्याला एकत्र धरून ठेवणारा करडा-पांढरा थर. बोटाला तो मऊ लागतो, पण गरम पाण्याखाली धरला तरी पूर्ण विरघळत नाही, आणि वाळल्यावर चिमटीत त्याचा भुगा होतो. निव्वळ तूप किंवा तेल असतं तर ते गरम पाण्यात वितळून गेलं असतं. हा थर वेगळा आहे. तेला-तुपातल्या स्निग्धाम्लांचा पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन बनलेला तो न विरघळणारा साबण आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी गटारांतल्या अशा थरांची रचना तपासून हेच दाखवलं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये सापडलेला चरबीचा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी लंडनच्या संग्रहालयात मांडला होता. आपल्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, आरओनं नाकारलेल्या पाण्यात तर ते आणखी दाट, आणि भांड्यांच्या वडीतही खनिज भुकटी मिसळलेली असते. कच्चा माल सगळा सिंकमध्येच जमतो.

थंडीत त्यात भर पडते. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली गोठतं, तुपाला त्याहून जास्त ऊब लागते. फोडणीच्या कढया, तुपाचं पातेलं, रश्श्याचा तवंग डिशवॉशरमध्ये गरम पाण्यानं वितळतो, पंपाच्या जोरानं पुढे जातो आणि फरशीखालच्या थंड पाइपात जाऊन बसतो. म्हणजे पूर्वी सिंकखाली, हाताच्या अंतरावर साचणारा थर आता हात पोचणार नाही अशा जागी साचतो. त्यामुळेच डिशवॉशर घेतल्यावर वर्षभर सगळं झकास चालतं आणि मग एके दिवशी सिंकऐवजी नहाणी ट्रॅप उसळतो. कढईतलं तेल जुन्या वर्तमानपत्रानं पुसून मग ती मशीनमध्ये ठेवली, तर या एका सवयीनं जितकं काम होतं तितकं कुठल्याच पावडरीनं होत नाही. कणकेची परातही तशीच. ओल्या कणकेचा चिकटा पाइपाला धरतो; परात आधी सुकवून खरवडावी आणि खरवड कचऱ्यात टाकावी.

तुंबलेलं मोकळं करताना मशीन जोडलेलं आहे हे विसरू नये. रबरी पंप मारण्याआधी डिशवॉशरची नळी क्लिपनं दाबून बंद करावी, नाही तर आपण दिलेला दाब गटारातली घाण मशीनमध्ये ढकलतो. सिंकला वरच्या बाजूनं ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं बुजवावं, दोन कप्प्यांचं सिंक असेल तर दुसरं तोंडही. पंपानं काम झालं नाही तर ट्रॅप उघडावा. ट्रॅप स्वच्छ निघाला तर मग स्प्रिंग, आणि ती सिंकमधून न घालता ट्रॅपच्या पुढच्या पाइपातून किंवा नहाणी ट्रॅपमधून घालावी. वाटी परत बसवताना रबरी वायसर उलटा किंवा पिळलेला नाही ना ते पाहावं. गळती बहुतेक वेळा तिथूनच होते, आणि ती आवळून थांबत नाही, वायसर नीट बसवून थांबते.

दुकानातली नळी साफ करण्याची पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा, काहींत ॲल्युमिनियमचे कण. पाण्याशी गाठ पडताच ती प्रचंड तापते. पाइप पूर्ण बंद असेल तर ती अडथळ्यापर्यंत पोचतच नाही, ट्रॅपमध्ये बसून दगडासारखी घट्ट होते, आणि पुढे जो कुणी तो ट्रॅप उघडेल त्याच्या हातावर, डोळ्यांत उडते. मशीन जोडलेल्या लाइनमध्ये तर ती टाकून मशीन चालू करणं सरळ धोक्याचं. पावडर टाकली असेल तर प्लंबरला आल्या आल्या सांगावं. तिच्यावर ॲसिड कधीही ओतू नये, आणि ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं जवळजवळ खारं पाणी. चरबीच्या थरावर त्याचा परिणाम नगण्य.

सिंकखाली कचरा दळणारं यंत्र बसवण्याची जाहिरात हल्ली दिसते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जॉन हॅम्स या वास्तुरचनाकारानं १९२७ मध्ये ते तयार केलं. तिथली रुंद लाइन आणि मुबलक पाणी धरून बेतलेलं हे यंत्र आहे. नारळाची शेंडी, शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा, मक्याची सालं यांचे धागे त्यात गुंडाळले जातात. जुन्या इमारतीत ते घेऊ नये. ओल्या कचऱ्याचा डबा अधिक भरवशाचा.

ओटा नव्यानं करायचा असेल तर एवढं एकच मागणं कारागिराकडे लावून धरावं: मशीनसाठी भिंतीत स्वतंत्र उभा पाइप, ५० मिलिमीटरचा, स्वतःच्या ट्रॅपसह, सिंकच्या पाइपाला पुढे नहाणी ट्रॅपपलीकडे मिळणारा. फरशी उखडलेली असताना हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पहिल्या मजल्यावर किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांचं दुखणं मात्र घरात सुटत नाही. उभा पाइप तळाशी जिथे आडवा होतो, त्या वळणावर पाण्याचा वेग मोडतो आणि वरच्या सगळ्या मजल्यांच्या साबणाचा फेस तिथे थबकतो. मागून आलेल्या हवेनं तो फेस जवळच्या नहाणी ट्रॅपमधून वर येतो. म्हणून खालच्या मजल्यांची लाइन त्या पाइपाला न जोडता वेगळी थेट चेंबरमध्ये न्यायची असते, आणि जुन्या इमारतींत ती तशी असतेच असं नाही. घरात काही चालू नसताना पाणी वर आलं, तर आधी खाली जाऊन चेंबरचं झाकण उघडायला लावावं. चेंबरमध्ये पाणी तुंबलेलं असेल तर अडथळा पुढे, सोसायटीच्या किंवा रस्त्यावरच्या लाइनमध्ये आहे. चेंबर कोरडं असेल तर तो उभ्या पाइपाच्या तळाच्या वळणात. दोन्ही वेळी फोन सेक्रेटरींना करायचा, आणि माणूस येईपर्यंत वरच्या मजल्यांवर मशीन लावू नका असा निरोप द्यायचा.